पाणीपट्टी

टेस्मर गावच्या वेशीवर मारुती नाही.
हिरव्या पत्र्याची पाटी आहे: लोकसंख्या ९,८१२.
दर दहा वर्षांनी रेमंड शिडी घेऊन जातो
आणि आकडा बदलून येतो.
मधल्या काळात जन्मलेले, गेलेले
पाटीला ठाऊक नसतात. मला असतात.
मी पाणीपट्टीच्या खिडकीत बसते.
पाणी नेमकं कुठं मुरतंय
एवढं सांगायला गावानं मला पगारावर ठेवलंय.

तळघरातल्या लोखंडी कपाटात जुन्या वह्या आहेत.
त्यांत सुरुवातीला गाव नाहीच. कांदा आहे.
काळी ओलसर जमीन, ऑगस्ट टेस्मरचे ऐंशी एकर,
आणि बांधाला लागून गेलेले रूळ.
गाडी थांबायची ती माणसांसाठी नव्हे, दुधाच्या कॅनसाठी.
कॅन चढवायला फलाट लागला,
फलाटाला नाव लागलं,
मास्तरनं समोर दिसलं ते लिहिलं.
कॅनवर रंगवलेलं होतं: टेस्मर.

त्याच्याही आधीचं वहीत काही नाही.
सगळे रस्ते काटकोनात असताना
मिल रोड एकटाच तिरका का जातो,
हे कोणी लिहून ठेवलेलं नाही.
पोटावाटोमींची पायवाट ती, रेमंड म्हणतो,
पाय भिजू नयेत म्हणून उंचवट्या-उंचवट्यानं गेलेली.
तिथं आजही पाणी साचत नाही.
म्हणून तिथल्या घरांना भाव जास्त.

एकोणीसशे सव्वीस साली मतदान झालं,
गाव व्हायचं की नाही.
एकसष्ट हो, अडतीस नाही.
चार जुलैच्या भाषणांत याला स्वाभिमान वगैरे म्हणतात.
वहीत स्पष्ट लिहिलंय: गटार.
शेजारचं शहर आपली घाण इकडच्या ओढ्यात सोडत होतं
आणि भांडायचं तर आधी गाव असावं लागतं.
मग विहीर, मग उंच टाकी, मग नळ.
खाते क्रमांक एक: ओटो कुख्ता.

युद्धावरून पोरं परतली, पाठोपाठ बिल्डर आला.
तीन नकाशे, चारशे घरं,
कांद्याच्या वाफ्यांसारखी ओळीत.
गल्ल्यांना त्यानं आपल्या मुलींची नावं दिली,
लॉरेटा, जोॲन, बेव्हर्ली.
चौथी बऱ्याच उशिरानं झाली,
म्हणून गावाच्या पार टोकाला एक आखूड गल्ली आहे,
मार्सी कोर्ट.
तिथं मी राहते.

विहिरी आटल्या. पंचवीस मैलांवरून
सरोवराचं पाणी आलं, नळाच्या मागोमाग माणसं:
क्राकोवची, हलिस्कोची, कोट्टयमची,
आणि मी, निफाडची.

डोरोथी कुख्ता दर तिमाहीला स्वतः यायची.
चेकवर थरथरती सही, कोपऱ्यात ठसठशीत एक.
"तुझं गाव कसलं?" तिनं एकदा विचारलं.
"कांद्याचं," म्हटलं.
ती थांबली. बोटं नाकाशी नेली.
"बर्फ वितळला की अजून येतो इथं," म्हणाली,
"ड्राइव्हवेखालून. कोणी मानत नाही."

मार्चमध्ये तिच्या पुतण्याचा फोन आला.
घर विकलंय, पाडणार आहेत, शेवटचं रीडिंग घेऊन जा.
रेमंड रजेवर होता, मीच गेले.
तळघरात टॉर्च धरला.
घरात कोणी नाही आणि मीटरचा लाल काटा हलत होता,
अगदी सावकाश.
कुठंतरी ठिबकत होतं.
मी शोधलं नाही. माझंच काम होतं, तरी.

खातं बंद केलं. संगणक विचारू लागला:
हा क्रमांक दुसऱ्याला द्यायचा का?
ती चौकट मी दुपारभर तशीच ठेवली.
रेमंडच्या शिडीला अजून चार वर्षं आहेत,
तोवर पाटीवर ती मोजलेली आहे.

पाचला दहा कमी असताना एक जोडपं आलं,
हातात नवी किल्ली, कडेवर मूल.
त्यांना तीन हजार चारशे अठरा दिला.
"पाणी कसं आहे इथलं?" बाईनं विचारलं.
"पूर्वी जड होतं," मी म्हटलं.
"आता बरंय."